खाट परत खोलीत कधी न्यायची?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका घरी माझी ती सहावी-सातवी फेरी असेल. बाईंना गर्भाशयमुखाचा कॅन्सर झाला होता. रेडिएशन संपून सात महिने होऊन गेले होते, अंगावर पुन्हा थोडं मांस धरलं होतं आणि चवथीला त्यांनी स्वतः चुलीपुढे बसून नेवऱ्या तळल्या होत्या. मी रक्तदाब बघितला, गोळ्यांची पिशवी तपासली आणि निघाले. त्यांचे यजमान अंगणापर्यंत सोडायला आले. मी हेल्मेट घालत असताना खाली बघत म्हणाले, "सिस्टर, खाट परत कुडींत व्हरूं येता?"

आजारपणात बाईंची खाट दोघांच्या खोलीतून माजघरात आणली होती. तिथून न्हाणी जवळ, रात्री सासूबाईंचं लक्ष राही, उलटी झाली तर कुणी धावून येई. तेव्हा ते योग्यच होतं. पुढे आजार ओसरला, खाट मात्र माजघरातच राहिली.

मी म्हटलं, "न्या की. त्याला काय विचारायचं?" तरी ते हलेनात. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही पुन्हा नवरा-बायकोसारखं राहू शकतो का, तिला दुखेल का, मला काही होईल का, आणि ती मरणाच्या दारातून परत आलेली असताना माझ्या मनात असलं काही येणं हे पाप तर नाही ना? हे सगळे प्रश्न त्यांनी एका खाटेवर ठेवले होते. मी स्कूटर पुन्हा स्टँडवर लावली आणि सोप्यावर जाऊन बसले.

घरोघरी जाऊन कॅन्सरच्या रुग्णांची शुश्रूषा करण्याचं काम मी अठरा वर्षं करते आहे. डिचोली, सत्तरी, फोंडा, कधी पेडण्यापर्यंत. त्या दिवशी मी जे तुटक तुटक सांगितलं, ते इथे सविस्तर लिहिते. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून त्यांचे तपशील बदलले आहेत. प्रश्न मात्र जसेच्या तसे आहेत.

या विषयावरची शांतता दोन्ही बाजूंनी असते. केमोआधी केस जातील हे सांगतात, ऑपरेशनआधी भुलेचे धोके सांगतात. संबंधांवर काय परिणाम होईल, हे सांगायचं राहून जातं. डॉक्टरांना वाटतं, अडचण असती तर पेशंटने विचारलं असतं. पेशंटला वाटतं, महत्त्वाचं असतं तर डॉक्टरांनी सांगितलं असतं. आणि वयाची पन्नाशी उलटलेल्या माणसाला असा प्रश्न पडूच शकत नाही, असं दोघांनीही धरलेलं असतं.

२०२२च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला १४ लाखांहून अधिक लोकांना नव्याने कॅन्सर होतो. त्यात सगळ्यांत पुढे असलेले तीन कॅन्सर म्हणजे स्तनांचा, तोंडाचा आणि गर्भाशयमुखाचा. ही यादी मी पहिल्यांदा नीट वाचली तेव्हा बराच वेळ तशीच बसून राहिले. माणूस माणसाच्या जवळ जातो तो याच वाटांनी.

"मला बाधेल का?"

नाही. कॅन्सर संबंधांतून लागत नाही. एकाच्या शरीरातली कॅन्सरची पेशी जोडीदाराच्या शरीरात जाऊन रुजत नाही. एका अंथरुणात झोपल्याने नाही, चुंबन घेतल्याने नाही, संबंध ठेवल्याने नाही. बायकांच्या मनात याची दुसरी बाजू असते: संबंध ठेवले तर बरा झालेला आजार पुन्हा उठेल. तेही खरं नाही. कितीतरी बायका ही भीती उराशी धरून वर्षानुवर्षं पाठ फिरवून झोपतात आणि नवऱ्याला कारण कळत नाही.

रेडिएशनला आपल्याकडे कुणी ‘लाईट’ म्हणतात, कुणी ‘शेक’. शब्दामुळे वाटतं की शरीरात काहीतरी पेटलेलं राहिलं असेल. बाहेरच्या मशीनमधून दिलेलं रेडिएशन मशीन बंद झालं की संपतं, एक्स-रे काढल्यावर आपण काही चमकत राहत नाही तसंच. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये आतून नळी घालून रेडिएशन देतात, तेव्हाही किरणं देणारा कण काही मिनिटं आत ठेवून बाहेर काढून घेतात. घरी आलेल्या बाईपासून नवऱ्याला किंवा मांडीवर बसणाऱ्या नातवाला कसलाही धोका नाही. थायरॉइडच्या कॅन्सरसाठी पोटात घ्यायच्या किरणोत्सारी आयोडीनचं मात्र वेगळं आहे. तिथे काही दिवस खरोखरच अंतर ठेवायचं असतं आणि किती दिवस, ते घरी सोडताना सांगतात.

केमोचं औषध डोसनंतर काही दिवस अंगातल्या स्रावांतून थोडंथोडं बाहेर पडतं, योनीतल्या ओलाव्यातून आणि वीर्यातूनही. म्हणून त्या दिवसांत कंडोम वापरायचा. कुठे दोन-तीन दिवस सांगतात, कुठे आठवडा, तेव्हा तुमच्या औषधासाठी किती ते विचारून घ्या. दिवस राहू नयेत यासाठी तर संपूर्ण केमोभर काळजी घ्यावी लागते. प्लेटलेट ५०,०००च्या खाली असतील किंवा पांढऱ्या पेशी फार उतरल्या असतील, तर त्या दिवसांत संबंध टाळायचे, कारण रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग यांचं भय असतं. कुशीत घेऊन झोपायला रक्ताच्या रिपोर्टची अडचण नसते.

आता सगळ्यांत नाजूक गोष्ट. गर्भाशयमुखाचा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो आणि हा विषाणू शरीरसंबंधांतून पसरतो. एवढं वाक्य कुणी ओपीडीत घाईघाईने टाकलं की घरी आग लागते. ती म्हणते, तुम्ही कुठे गेला होतात? तो म्हणतो, तू लग्नाआधी? बोटीवर नोकरी करणारा नवरा असेल, तर शेजारच्या बायकाही हिशेब मांडू लागतात. तेव्हा पुढचं वाक्यही ऐका. हा विषाणू इतका सर्रास आहे की संबंध ठेवणाऱ्या बहुतेक माणसांना आयुष्यात कधी ना कधी तो लागतोच, आणि बहुतेकांच्या शरीरातून आपोआप निघूनही जातो. ज्या थोड्या बायकांच्या शरीरात तो टिकून राहतो, त्यांच्यात कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. आज सापडलेल्या कॅन्सरवरून कोण कधी कुठे गेलं होतं, हे जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. हा आजार चारित्र्याचा दाखला नव्हे. एका बाईने रेडिएशनचे सगळे दिवस पतीशी अबोला धरून काढले, केवळ या एका अर्धवट वाक्यामुळे. त्याची हळहळ मला आजही वाटते.

आतली जागा आवळते म्हणजे काय

रेडिएशन कॅन्सरच्या पेशी मारतं, तसंच योनिमार्गाच्या नाजूक अस्तरालाही भाजतं. भाजलेली कातडी भरून येताना आकसते, हे आपण हातापायावर बघितलेलं असतं. आतही तेच होतं. जागा अरुंद होते, आखूड होते, दोन्ही भिंती एकमेकींना चिकटू शकतात. त्याच किरणांनी अंडाशयांचं काम थांबतं. एरवी पाळी जाताना शरीर काही वर्षं घेतं. इथे अडतीस वर्षांच्या बाईची पाळी काही आठवड्यांत कायमची जाते. मग अंगातून गरम वाफा, रात्रीचा घाम, चिडचिड, झोप नाही आणि खाली कोरड. अशा अवस्थेत पूर्वीसारखे संबंध ठेवायचा प्रयत्न केला, तर दुखणारच. एकदा जोरात दुखलं की पुढच्या वेळी शरीर आधीच आवळून घेतं, म्हणून आणखी दुखतं. नवऱ्याला वाटतं तिला मी नको आहे. तिला वाटतं मी आता बायको म्हणून संपले.

यावर उपाय आहे. त्याला डायलेटर म्हणतात. बोटाएवढ्या जाडीपासून पुढे वाढत जाणाऱ्या, गुळगुळीत, टोकाला गोलसर अशा प्लॅस्टिकच्या किंवा सिलिकॉनच्या नळ्या असतात. आतली सूज आणि जखमा भरल्या की, म्हणजे साधारणपणे रेडिएशन संपल्यानंतर काही आठवड्यांनी, डॉक्टर तपासून सुरू करायला सांगतात. पाठीवर झोपायचं, गुडघे दुमडायचे, पाण्यात मिसळणारं जेल लावायचं, श्वास सावकाश सोडत नळी हळूहळू आत सरकवायची, पाच-दहा मिनिटं ठेवायची. आठवड्यातून दोन-तीन वेळा. सुरुवातीला किंचित रक्ताचा डाग दिसू शकतो आणि तो तपासणीच्या वेळी सांगायचा. रक्त जास्त आलं किंवा खूप दुखलं, तर थांबून लगेच डॉक्टरांना गाठायचं. हे महिना-दोन महिन्यांचं काम नाही. आवळण्याची क्रिया उपचारानंतर पुढेही चालू राहते, म्हणून सवय दीर्घकाळ ठेवावी लागते.

विधवा बायका मला म्हणतात, "मला कशाला ते?" त्यांना मी सांगते: जागा पूर्ण मिटली, तर पुढच्या तपासणीत डॉक्टरांना आत बघता येणार नाही आणि आजार परत आला तर लवकर कळणार नाही. हे पटतं. फोंड्याच्या एका मावशींनी तो शिवणाच्या डब्यात, रिळांच्या खाली लपवून ठेवला होता, सुनेच्या हाती लागू नये म्हणून. पण नेमाने वापरला. मला त्यांचं फार कौतुक वाटतं.

संबंधांना पुन्हा सुरुवात करताना कुशीवर झोपून, किंवा बाई वर असेल अशा रीतीने जवळ यावं. किती आणि किती वेगाने, याचा लगाम तिच्या हातात राहतो. आखूड झालेल्या जागेत नवरा वर असला की टोकाला लागतं, हे बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं. कोरडेपणासाठी दोन वेगळ्या वस्तू मिळतात. एक, संबंधांच्या वेळी लावायचं निसरडं जेल. दुसरी, योनीत आठवड्यातून काही वेळा नेमाने लावायचं मॉइश्चरायझर, ज्याचा त्या रात्रीशी संबंध नाही. ओठांना वेसलीन लावतो तशी ती नेहमीची निगा. खुद्द वेसलीन मात्र तिथे लावू नका. आपल्या घरातलं खोबरेल तेल पाठीला, पायांना चोळायला उत्तम, पण कंडोमसोबत कधीही नाही. तेलाने कंडोमचं रबर कमजोर होऊन फाटतं. किरणं दिलेल्या आतल्या त्वचेवर कुठलंही तेल लावण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. गर्भाशयमुखाचा हा सगळा उपचार साधारण आठ आठवड्यांत पुरा करायचा असतो. गोव्यातली कितीतरी जोडपी त्यासाठी परळला टाटा मेमोरियलमध्ये जातात आणि जवळपास कुठे धर्मशाळेत, कुठे लॉजवर राहतात. (त्या रुग्णालयाजवळच्या रस्त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांचं नाव आहे. ते मूळच्या गोमंतकीय घराण्यातले कर्करोग शल्यचिकित्सक. हे सांगितलं की आमच्या गावच्या माणसांना तिथे थोडं कमी परकं वाटतं.) एवढ्याशा खोलीत दोघंच असतात. तो तिचे केस विंचरतो, पेज भरवतो, रात्री तिचे पाय चेपून देतो. मग ती घरी येतात. अंगण माणसांनी भरतं, समाचाराला येणाऱ्यांची रीघ लागते, सासूबाई काळजी हाती घेतात आणि खाट माजघरात जाते. "आम्ही मुंबईत जास्त जवळ होतो," असं मला तीन वेगवेगळ्या घरांत ऐकायला मिळालं. घरातल्या वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे: आजार उतरला की दोघांना त्यांची खोली आणि खोलीची कडी परत द्या. ते तोंडाने मागणार नाहीत.

स्तन गेल्यावर

ऑपरेशनमध्ये छातीच्या त्वचेच्या बारीक नसा कापल्या जातात. त्यामुळे तिथे स्पर्श कळत नाही, किंवा मुंग्या येतात, किंवा साधा हातही टोचतो. नवरा पूर्वीच्या प्रेमाने हात ठेवतो आणि ती अंग चोरते. तो हात काढून घेतो तो कायमचा. म्हणून तिनेच त्याचा हात धरून दाखवावं: इथे कळतं, इथे नाही, इथे नको. वणाकडे आधी एकटीने आरशात बघावं, मग वाटेल तेव्हा त्याला दाखवावं. दिवा मालवला, अंगात ब्लाउज ठेवला, तरी काही बिघडत नाही. ज्या बाजूचा हात सुजतो त्या हातावर भार येऊ नये म्हणून खाली उशी घ्यावी.

खरा छळ पुष्कळदा ऑपरेशनचा नसून नंतरच्या गोळ्यांचा असतो. हार्मोनवर वाढणारा कॅन्सर असेल तर पाच ते दहा वर्षं गोळ्या घ्याव्या लागतात. लेट्रोझोल, अॅनास्ट्रोझोल या गोळ्यांनी अंगातलं इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन अगदी तळाला जातं आणि कोरडेपणा इतका वाढतो की चालतानाही आग होते. काही बायका कुणाला न सांगता गोळी बंद करतात. कळवळून सांगते, तसं करू नका. डॉक्टरांना सांगा. गोळी बदलता येते, जेल आणि मॉइश्चरायझर वापरता येतं, आणि त्याने भागलं नाही तर इस्ट्रोजेनच्या अगदी कमी मात्रेच्या क्रीमचा विचार तुमचे कॅन्सरचे डॉक्टर करू शकतात. ते क्रीम स्वतःहून आणून लावायचं नाही. अंगात ताकद यावी म्हणून मिळणाऱ्या कुठल्याही पावडरी त्यांना दाखवल्याशिवाय घेऊ नका. मन खचल्यासाठीच्या काही गोळ्या टॅमॉक्सिफेन या हार्मोनच्या कॅन्सरवरच्या दुसऱ्या गोळीचा असर कमी करतात, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांना टॅमॉक्सिफेन चालू आहे हे आवर्जून सांगा. आणि टॅमॉक्सिफेनवर पाळी थांबली तरी दिवस राहू शकतात, जे बाळासाठी धोक्याचं आहे. अशा वेळी हार्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्या चालत नाहीत. कंडोम किंवा कॉपर-टी चालते.

ज्याबद्दल कुणीच बोलत नाही, तो चेहरा

तोंडाच्या कॅन्सरला मी मुद्दाम जास्त जागा देते, कारण इथे संबंधांचा विषय आहे हेच कुणाच्या लक्षात येत नाही. खालचे अवयव तर शाबूत आहेत, मग अडचण कसली? अडचण अशी की जबडा गेलेला असतो, गालावर मांडीचं मांस लावलेलं असतं, तोंड दोन बोटांएवढंही उघडत नाही. रेडिएशनने लाळ आटते किंवा एका कोपऱ्यातून गळत राहते. तोंडाला वास येतो आणि तो आपल्याला येतो आहे हे त्याला माहीत असतं. तो बायकोपासून तोंड वळवून झोपतो, रुमाल उशाशी घेऊन.

डिचोलीजवळच्या एका गृहस्थांनी वहीत लिहून मला दाखवलं होतं: "ती माझ्याकडे बघते तेव्हा कपाळाकडे बघते." मी ती वही त्यांच्या पत्नीला दाखवू का, असं विचारलं. त्यांनी मान हलवली. बाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "व्हय, बघते. कारण गालाकडे बघितलं की ह्यांना वाईट वाटतं असं मला वाटायचं." दीड वर्ष दोघं एकमेकांना जपत होते आणि दोघंही एकटे पडले होते.

इथे करता येण्यासारखं बरंच आहे. तोंड उघडण्याचे व्यायाम रोज, न चुकता, फिजिओथेरपिस्ट दाखवतील तसे. जितके लवकर सुरू कराल तितका फायदा. मीठ-सोड्याच्या पाण्याने दिवसातून अनेकदा चूळ, दातांच्या डॉक्टरांकडे ठरावीक फेऱ्या. पाणी जवळ ठेवून घोट घोट पीत राहायचं. चुंबन ओठांनाच हवं असा नियम नाही. मान आहे, खांदा आहे, तळहात आहे. बोलता येत नसेल तर हो आणि नको यांच्या खुणा दोघांत ठरवून ठेवाव्यात. स्वरयंत्र काढून गळ्याला भोक ठेवलेलं असेल तर श्वास तिथून येतो, त्याचा झोत जोडीदाराच्या तोंडावर येतो. त्यावर पातळ, स्वच्छ कापडाचं आवरण बांधावं, भोक दाबलं जाणार नाही इतकं सैल.

पुरुषांचं मौन

प्रोस्टेट या पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर इंद्रियाला ताठरता येत नाही तेव्हा पुरुष आतून कोसळतो आणि वरून चिडका होतो. शरीरशास्त्र सांगते. ताठरतेच्या नसा प्रोस्टेटला अगदी लगटून जातात. त्या वाचवल्या तरी दुखावतात आणि सावरायला दीड-दोन वर्षंही लागू शकतात. रेडिएशनमध्ये उलट घडतं: सुरुवातीला ठीक असतं आणि दोन-तीन वर्षांत हळूहळू उतरत जातं. ताठरता आली नाही तरी सुखाचा तो शेवटचा क्षण अनुभवता येतो, फक्त ऑपरेशननंतर वीर्य बाहेर येत नाही. पुरुषी हार्मोन दाबणारी इंजेक्शनं चालू असतील तर इच्छाच मावळते. तिथे बायकोने हे आपल्यावर रागावणं नाही हे ओळखायला हवं, आणि त्यासाठी त्याने तिला सांगायला हवं.

सिल्डेनाफिलसारख्या गोळ्या, व्हॅक्यूमचं उपकरण, इंजेक्शन, शेवटी इम्प्लांट, असे उपाय युरोसर्जनकडे आहेत. एक धोका ठळकपणे सांगते: छातीत दुखतं म्हणून जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी ज्यांना दिलेली आहे, त्यांनी सिल्डेनाफिल घेतल्यास रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. भिंतीवरच्या जाहिराती बघून आणलेल्या ‘ताकदीच्या’ गोळ्यांत हेच औषध गुपचूप मिसळलेलं सापडतं. म्हणून तिकडे जाऊ नका.

तरुण मुलांसाठी दोन ओळी, पण महत्त्वाच्या. वृषणाच्या कॅन्सरमुळे एक अंड काढलं तरी दुसरं नीट असेल तर इच्छा आणि ताठरता सहसा टिकते. मूल होण्याची क्षमता मात्र केमोने जाऊ शकते. वीर्य गोठवून ठेवायचं तर ते केमोच्या आधीच, आणि त्याला एक-दोन दिवस पुरतात. मुलींची बीजं गोठवायला साधारण दोन आठवडे लागतात. उपचाराची तारीख ठरताना हा प्रश्न विचारा.

आतड्याच्या ऑपरेशननंतर पोटावर पिशवी लावलेली असेल, तर आधी ती रिकामी करावी, वरून कापडी पट्टा बांधावा. नीट चिकटवलेली पिशवी जवळ येण्याने निघत नाही.

मन होत नसेल तर

थकवा हा आळस नव्हे. उपचार संपल्यावरही तो महिनोन्‌महिने राहतो आणि रात्री दहाला कळस गाठतो. मग रात्रीच कशाला? सकाळी मुलं शाळेला गेल्यावरची शांत वेळ आहे, दुपारची वेळ आहे. वेदनेच्या गोळीचा असर असतो तो तासही लक्षात घ्यावा.

पुन्हा जवळ येण्यासाठी समुपदेशक एक साधी पद्धत शिकवतात. आठवड्यातून दोन दिवस, पंधरा-वीस मिनिटं, एकाने दुसऱ्याला नुसता स्पर्श करायचा. पाठ, केस, हात, पाय. स्तन आणि खालची जागा पहिले काही आठवडे वर्ज्य. संबंध तर ठरवूनच बंद. हे दोघांनी आधीच कबूल केलेलं असतं, म्हणून तिला पुढच्या गोष्टीची धास्ती नसते आणि त्याच्यावर करून दाखवायचं ओझं नसतं. मग जागा बदलत न्यायच्या, घाई न करता. भीतीने आवळून घेणाऱ्या स्नायूंसाठी फिजिओथेरपीचे वेगळे व्यायाम असतात, तेही विचारून घ्या.

इथे नवऱ्यांना स्पष्ट सांगते. ती नको म्हणाली तर नको. ‘दुसरी करतील’ या धास्तीने दात आवळून होकार देणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्या दुखण्याने जवळीक येत नाही, तिचा कोंब जळतो. आणि दोघांनीही मनापासून ठरवलं की आपल्याला आता हातात हात पुरे, तर ते पूर्ण आहे, त्यात काही कमी नाही.

विचारायचं कसं

१९७६ साली जॅक ॲनन या मानसशास्त्रज्ञाने लैंगिक अडचणीत मदत करण्याच्या चार पायऱ्या मांडल्या: बोलण्याची मुभा, थोडी माहिती, नेमके उपाय आणि शेवटी तज्ज्ञांचे दीर्घ उपचार. सगळ्यांना चौथ्या पायरीपर्यंत जावंच लागतं असं नाही. पुष्कळांचं पहिल्या दोन पायऱ्यांवरच भागतं. माझा अनुभवही तोच. अंगणात दहा मिनिटं बोलून माणसाचे खांदे सैल झालेले मी पाहिले आहेत.

तेव्हा पुढच्या तपासणीला दोघं मिळून जा आणि कागदावर एकच वाक्य लिहून न्या: ‘उपचारानंतर आमच्या संबंधांत अडचण येते आहे, कुणाशी बोलू?’ तोंडातून निघत नसेल तर कागद टेबलावर ठेवा. बाई डॉक्टर किंवा सिस्टर हवी असेल तर तसं म्हणा. मागून कुणी रांगेतलं वाकून बघत असेल तर दार लावायला सांगा, तो तुमचा हक्क आहे. मन फार खचलं असेल, रात्ररात्र झोप नसेल, तर बांबोळीला गोमेकॉशेजारी (गोवा मेडिकल कॉलेजशेजारी) मानसोपचाराची सरकारी संस्था आहे, आयपीएचबी. तिथे गेलं म्हणजे वेड लागलं, हे गावातलं बोलणं गावातच राहू द्या.

त्या सत्तरीच्या घरची खाट लगेच हलली नाही. पुढच्या महिन्यात मी गेले तेव्हा बाईंनी मला आतल्या खोलीत बोलावलं, दार ओढून घेतलं आणि विचारलं, "तें जेल म्हणटात तें खंय मेळटा?" मी म्हटलं, कुठल्याही मोठ्या फार्मसीत, वाळपईत मिळेल. त्या घाईने म्हणाल्या, "वाळपईत नको, तिथे सगळे ह्यांच्या ओळखीचे." मग आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. शुक्रवारी तपासणीला बांबोळीला जायचंच होतं, परतताना फोंड्याला उतरून घेतील. यजमान बाहेर उभे होते. नाव लिहून द्या, मीच आणतो, असं त्यांनी आत न बघताच सांगितलं, "चिठयेर नांव बरोवन दियात, सिस्टर. हांव हाडटां."